जुना टॅब भिंतीत बसवून घराचा नियंत्रणफलक कसा करावा

करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले टॅब आज अनेक घरांत कपाटाच्या खणात पडून आहेत. त्यांची बॅटरी पूर्वीसारखी टिकत नाही, नवे ॲप त्यांवर रखडत चालतात आणि विकायला काढले तर हाती फारसे काही येत नाही. मात्र आठ-दहा इंचांचा पडदा, वायफाय आणि बोटाच्या स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद एवढ्या तीनच गोष्टी ज्या कामाला लागतात, त्या कामासाठी हे टॅब अजूनही पुरेसे सशक्त आहेत. घरातले दिवे, गीझर, पाण्याची मोटर, दाराचा कॅमेरा हे सारे एका जागेवरून पाहता आणि चालवता येणारा फलक भिंतीत बसवणे, हे ते काम. त्यासाठी बाजारात तयार पॅनेल मिळतात, परंतु ती महाग असतात आणि बहुधा एकाच कंपनीच्या उपकरणांशी बांधलेली असतात.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. भिंत तीस-चाळीस वर्षे राहणार आहे आणि टॅब फार तर चार-पाच. म्हणून भिंतीतला खाचा आजच्या टॅबच्या मापाने कापू नये; खाचा मोठा ठेवावा, त्यात लाकडी पेटी बसवावी आणि टॅबच्या मापाचा भाग फक्त पुढच्या झाकणात असावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी नेमके याच्या उलट केले होते. टॅब विटांना टेकवून, कडेने पुट्टी भरून, एखादी फरशी बसवावी तसा घट्ट बसवला आणि चार्जर कायम चालू ठेवला. दिसायला काम फार देखणे झाले होते. आठ महिन्यांनी पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काच चौकटीपासून किंचित सुटलेली दिसली. त्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सहज शिरत होते, कारण आत बॅटरी फुगली होती. टॅब बाहेर काढण्यासाठी पुट्टी फोडावी लागली. पुढे सांगितलेली सारी रचना त्या कोपऱ्यावरून शिकलेली आहे.

टॅबची आणि सर्व्हरची निवड

टॅब शक्यतो अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरचा असावा, कारण त्याहून जुन्या आवृत्त्यांवर ब्राउझरची सुधारणा थांबत जाते आणि फलकाचे पान अर्धवट उमटू लागते. उदाहरणासाठी मी सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए७ घेतो. तो २०२० मध्ये आला आणि त्याचे माप सुमारे २४८ × १५७ × ७ मिलिमीटर, तर वजन अर्ध्या किलोच्या आत आहे. टॅब निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात: चार्जिंगचे तोंड सैल झालेले नाही ना, कॅमेरा चालतो ना, आणि टॅब सपाट टेबलावर पालथा ठेवला असता डुगडुगत नाही ना. डुगडुगणारा टॅब म्हणजे फुगू लागलेली बॅटरी, आणि असा टॅब भिंतीत कधीही बसवू नये.

टॅब हा केवळ पडदा आहे. घराचा मेंदू, म्हणजे सर्व्हर, वेगळा असतो. त्यासाठी २०१३ मध्ये पॉलस स्काउटसेन यांनी सुरू केलेली होम असिस्टंट ही मुक्तस्रोत प्रणाली मला सर्वांत योग्य वाटते, कारण ती घरातल्याच यंत्रावर चालते आणि इंटरनेट बंद पडले तरी स्थानिक जोडणीची उपकरणे चालू राहतात. ती रास्पबेरी पाय ४ किंवा ५ या तळहाताएवढ्या संगणकावर चालते, तशीच पडदा फुटलेल्या जुन्या लॅपटॉपवरही चालते. लॅपटॉप घरात पडून असेल तर खर्च शून्य. तो सरासरी १५ वॅट घेत असेल, तर महिन्याला सुमारे ११ युनिट वीज जाते. दिव्यांसाठी स्विचबोर्डामागे बसणारे वायफाय रिले, म्हणजे वायफायवरून चालू-बंद होणारे छोटे स्विच, वापरावेत. त्यांना न्यूट्रल तार लागते. आपल्याकडे ज्या बोर्डावर प्लग पॉइंट असतो तिथे ती बहुधा आलेली असते, नुसत्या बटणांच्या बोर्डात मात्र आधी खात्री करावी. पंख्याचा वेग अशा रिलेने बदलत नाही, तो फक्त चालू-बंद होतो. आणि पाण्याची मोटर छोट्या रिलेवर थेट कधीही जोडू नये. मध्ये काँटॅक्टर, म्हणजे जास्त प्रवाह पेलणारा मोठा रिले, घ्यावा.

जागा

टॅबचा मध्य जमिनीपासून सुमारे साडेचार ते पावणेपाच फुटांवर यावा. घरात चाकांच्या खुर्चीवर बसणारे कोणी असेल, तर तो चार फुटांवर आणावा. बाल्कनीच्या समोरची भिंत टाळावी, कारण दिवसभर पडद्यात उजेडाचे प्रतिबिंब पडते. शेगडीजवळची भिंत वाफेसाठी आणि तेलकटपणासाठी टाळावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाहेरची भिंत टाळावी: कोकणात आणि मुंबईत ती पावसाळ्यात ओल धरते, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे आणि तापलेल्या भिंतीतल्या बंद खाचात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. दोन खोल्यांमधली आतली भिंत, तीही शक्यतो आधीच असलेल्या स्विचबोर्डाच्या बरोबर वर, ही उत्तम जागा होय; मात्र बोर्डाच्या सरळ वर आणि खाली भिंतीतून विजेचे पाइप गेलेले असतात, म्हणून खाचा त्या रेषेपासून एका बाजूला सरकवावा. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर असेल, तर पाण्याचे पाइप कुठून गेले आहेत हे कळल्याशिवाय छन्नी हातात घेऊ नये.

भिंत ओळखणे

प्रत्येक भिंत कापता येते असे नाही. जिथे नंतर पेटीने झाकले जाईल अशा ठिकाणी ड्रिलने बारीक, दीड इंच खोल छिद्र पाडून पाहावे आणि खाली कागद धरून पडणारा भुगा पाहावा. आधी प्लास्टरची राखाडी वाळू येते. त्यानंतर लाल भुगा आला, तर भिंत विटांची आहे. पांढुरका, हलका, खडूसारखा भुगा आला आणि ड्रिल लोण्यात शिरावे तसे गेले, तर ती एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची, आहे. ड्रिल किंचाळत राहिले, पुढे सरकेना आणि करडी भुकटी येत राहिली, तर तो आरसीसी आहे आणि तिथे थांबावे. कॉलम आणि बीम कापायचे नसतात हे सर्वांना ठाऊक असते. परंतु गेल्या काही वर्षांतल्या उंच इमारतींमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना सर्रास मायव्हान म्हणतात तशा भिंती असतात आणि त्यांत जवळजवळ प्रत्येक भिंत भार वाहणारी असते. अशा घरात तार लपवण्यासाठी भिंतीत खोदतात ती झिरीही मारू नये. तिथे पेटी भिंतीवर बाहेरून बसवावी आणि तार पट्टीतून न्यावी. चौकट नीट केली तर २५ मिलिमीटरचा उठाव डोळ्यांना खुपत नाही.

विटांच्या भिंतीतही मर्यादा आहेत. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल असू नये, हा बांधकामातला मान्य नियम आहे. चार इंची भिंतीत आडव्यासाठी जेमतेम १६ मिलिमीटर मिळतात, म्हणून तार नेताना आडवी झिरी टाळून वरून किंवा खालून उभीच आणावी.

पेटी आणि चौकट

खोलीचा हिशेब असा मांडावा. टॅब ७ मिलिमीटर, त्याच्या पाठीमागे हवेसाठी १० मिलिमीटर, पेटीची मागची प्लाय ४ मिलिमीटर आणि पुढचे झाकण ४ मिलिमीटर, असे एकूण २५ मिलिमीटर होतात. चौकट भिंतीच्या पुढे ८ मिलिमीटर काढली, तर खाचा केवळ १७ ते २० मिलिमीटर खोल लागतो. त्यातले १२ ते १५ मिलिमीटर तर प्लास्टरच असते, त्यामुळे विटेला फारसा धक्का लागत नाही.

लांबी-रुंदीत मात्र हात सैल सोडावा. टॅब ए७ साठी मी पेटीची आतली जागा ३०० × १९० मिलिमीटर धरतो. ज्या बाजूला चार्जिंगचे तोंड आहे तिथे साध्या पिनेला ३५ ते ४० मिलिमीटर लागतात. काटकोनी पिन घेतली तर १५ पुरतात, परंतु जागा मोठीच ठेवावी, कारण पुढच्या टॅबचे तोंड दुसऱ्या बाजूला असू शकते. पेटी प्लायची असावी. आपला वायरमन सवयीने लोखंडी जी.आय. बॉक्स सुचवतो, तो घेऊ नये, कारण धातूची पेटी वायफायला समोरची सोडून सर्व बाजूंनी अडवते. पेटीच्या वरच्या आणि खालच्या कडेला, चौकटीच्या उठावात, प्रत्येकी १०० × ६ मिलिमीटरची फट ठेवावी. खालून गार हवा आत येते, टॅबच्या पाठीवरून वर चढते आणि वरच्या फटीतून बाहेर पडते. पंख्याची गरज लागत नाही. टॅब मागच्या प्लायला टेकू नये म्हणून चार कोपऱ्यांत १० मिलिमीटर जाडीचे रबरी बुच चिकटवावेत.

खाचा कापताना आधी त्या भागाचा एमसीबी बंद करावा आणि टेस्टरने खात्री करून घ्यावी. पेन्सिलीने चौकोन आखून, लेव्हल पट्टीने आडवी रेषा तपासून, कटर मशीनने चारी कडा कापाव्यात आणि आतला भाग छन्नीने अलगद काढावा. कटरची धूळ साऱ्या घरात जाते. दुसऱ्याने व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड जवळ धरले, तर पुढचे दोन दिवसांचे पुसणे वाचते. पेटी विटांच्या भिंतीत प्लास्टिकच्या गिट्टीत चार स्क्रूंनी बसते. एएसी ब्लॉकमध्ये साधी गिट्टी सैल होते, तिथे त्याच ब्लॉकसाठी मिळणारे अँकर घ्यावेत. कडेची पोकळी पुट्टीने भरावी, पण पेटीच्या बाहेरूनच.

पुढचे झाकण ही या साऱ्या रचनेतली किल्ली आहे. ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकच्या अथवा एमडीएफच्या पत्र्यात, लेझर कटिंगच्या दुकानातून, टॅबच्या दिसणाऱ्या पडद्याएवढी खिडकी कापून घ्यावी. पुढच्या कॅमेऱ्यासाठी ८ मिलिमीटरचे गोल भोक वेगळे ठेवावे. हे झाकण चौकटीवर चार निओडिमियम चुंबकांनी चिकटते आणि नखाने ओढले की निघते. इथे एक गंमत घडते. अनेक टॅबमध्ये फ्लिप कव्हर ओळखण्यासाठी चुंबकाची जाणीव असणारा संवेदक असतो आणि चुंबक त्याच्याजवळ आले की टॅब स्वतःचा पडदा विझवतो. मी दोन संध्याकाळी सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसलो होतो आणि दोष होता उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चुंबकात. म्हणून झाकण पक्के करण्यापूर्वी एक चुंबक टॅबच्या चारही कडांवरून हळूहळू फिरवावे, पडदा कुठे विझतो ते पाहावे आणि ती जागा सोडून चुंबके बसवावीत.

वीज

बहुतेक फसलेल्या फलकांचे कारण इथे असते. चार्जरचा ॲडॅप्टर बंद पेटीत टॅबच्या मागे ठेवू नये. त्याची उष्णता टॅबच्या उष्णतेत मिसळते आणि २३० व्होल्टची जोडणी हवेच्या फटी असलेल्या पेटीत येते, जी तिथे असताच कामा नये. ॲडॅप्टर जवळच्या स्विचबोर्डाच्या प्लगमध्ये असावा, किंवा बोर्डातल्या एका मॉड्यूलच्या जागी बसणारा यूएसबी चार्जर घ्यावा. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सामान सहज मिळते.

बोर्डापासून टॅबपर्यंतचे अंतर मीटरभराच्या आत असेल, तर चांगल्या दर्जाची तयार केबल पुरते. त्याहून लांब असेल, तर हिशेब करावा लागतो. स्वस्त यूएसबी केबलमधली तार बहुधा २८ गेजची असते, म्हणजे तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.०८ चौरस मिलिमीटर. तीन मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन सहा मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे १.३ ओहम भरतो. टॅबने एक अँपिअर ओढला की वाटेतच १.३ व्होल्ट जातात आणि पाचांपैकी ३.७ व्होल्ट पोहोचतात. पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह दिसत राहते, पण टक्केवारी घसरत जाते आणि तिसऱ्या दिवशी टॅब बंद पडतो. तेवढेच अंतर १ चौरस मिलिमीटरच्या तारेने नेले, तर घट ०.१२ व्होल्टच्या आसपास येते. अशी जाड तार वापरायची असल्यास दोन्ही टोकांची जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी. टॅबच्या बाजूला यूएसबीच्या दोन डेटा तारा एकमेकींना जोडाव्या लागतात, नाहीतर टॅब चार्जर ओळखत नाही आणि अर्धाच प्रवाह घेतो.

नव्या घरात हॉलपर्यंत लॅनची केबल आली असेल, तर त्याहून सोपा मार्ग आहे. लॅनच्या केबलमधूनच वीज पाठवणारा पीओई स्विच आणि टॅबच्या टोकाला ती वीज वेगळी काढणारा ५ व्होल्टचा पीओई स्प्लिटर घ्यावा; ८०२.३एएफ या प्रमाणानुसार उपकरणापर्यंत जवळजवळ १३ वॅट पोहोचतात, आणि कोणत्याही दहा इंची टॅबला ते पुरतात.

पाइप २५ मिलिमीटरचा घालावा. २० मिलिमीटरच्या पाइपातून यूएसबीची पिन सरळ जाते, वळणावर मात्र अडकते. विजेच्या मुख्य तारा आणि ही ५ व्होल्टची तार कधीही एका पाइपातून नेऊ नयेत. मुख्य तारेचे आवरण कधी सोलले गेले, तर २३० व्होल्ट बोटाखालच्या पडद्यापर्यंत येऊ शकतात. वायरमन "एकाच पाइपातून काढू, काही होत नाही" असे हमखास म्हणतो. त्याला प्रेमाने नाही म्हणावे.

बॅटरी

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मारतात: कायम शंभर टक्के भरलेले असणे आणि उष्णता. भिंतीतल्या टॅबच्या नशिबी दोन्ही येतात. काही सॅमसंग टॅबमध्ये बॅटरी संरक्षणाची सोय असते आणि ती चार्जिंग ८० किंवा ८५ टक्क्यांवर रोखते. असेल तर ती आधी चालू करावी. नसेल, तर ॲडॅप्टर एका स्मार्ट प्लगवर लावावा आणि होम असिस्टंटमध्ये दोन नियम लिहावेत: बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली गेली की प्लग चालू, ८० च्या वर गेली की प्लग बंद. होम असिस्टंटचे अँड्रॉइड ॲप टॅबची टक्केवारी सर्व्हरला कळवते, त्यामुळे वेगळे काही लागत नाही. प्लगच्या सेटिंगमध्ये वीज गेल्यानंतर परत आल्यावरची स्थिती "चालू" ठेवावी. सर्व्हर बंद पडला आणि प्लग बंद अवस्थेत राहिला, तर टॅब हळूहळू विझेल, यात धोका काही नाही. उलटे घडले आणि तो काही तास शंभर टक्क्यांवर राहिला, तरी बिघडत नाही. वर्षभर रोज शंभर टक्के राहणे बिघडवते.

बॅटरी काढून टॅब थेट विजेवर चालवण्याचे प्रयोग काही जण करतात. बहुतेक टॅब बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत आणि चिकटवलेली बॅटरी उचकटताना ती वाकून पेट घेण्याचा धोका असतो. घरी हे करू नये.

लोडशेडिंग असलेल्या गावात राउटर आणि सर्व्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. टॅबला स्वतःची बॅटरी आहेच.

सॉफ्टवेअर

टॅब फॅक्टरी रीसेट करून सुरुवात करावी आणि त्यावर घरातल्या कोणाचे गूगल खाते, मेल किंवा पैशांचे ॲप ठेवू नये. हा टॅब पाहुण्यांच्याही हाती असणार आहे. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा क्रमांक, राखून ठेवावा. होम असिस्टंटमध्ये त्याच्यासाठी ॲडमिन नसलेला वेगळा वापरकर्ता तयार करावा. पासवर्डशिवाय उघडण्यासाठी विश्वासू नेटवर्कची सोय आहे, पण त्यात साऱ्या वायफायला मुभा न देता फक्त या टॅबच्या पत्त्याला द्यावी.

त्यानंतर एकच पान पूर्ण पडद्यावर कायम दाखवणारा फुली किऑस्क ब्राउझर बसवावा. सुरुवातीच्या पानाच्या जागी सर्व्हरचा पत्ता आणि पुढे ८१२३ हा पोर्ट लिहावा, टॅब सुरू होताच ॲप आपोआप उघडेल अशी सेटिंग चालू करावी आणि कॅमेऱ्याने हालचाल ओळखण्याची सोय सुरू करावी, म्हणजे कोणी समोर आले की पडदा उजळतो आणि मिनिटभराने विझतो. हालचालीची सोय आणि सर्व्हरवरून पडदा हाताळणे यांसाठी प्लस परवाना लागतो. तो प्रत्येक टॅबमागे एकदाच घ्यायचा असतो आणि या साऱ्या कामात मला सर्वांत सार्थ वाटलेला खर्च तोच आहे. शयनगृहात मात्र कॅमेरा बंद ठेवून साधा स्पर्शच पुरवावा.

फलकाच्या पहिल्या पानावर सहा ते आठच बटणे असावीत आणि त्यांची नावे देवनागरीत, घरात बोलतो तशी लिहावीत. "देवघर", "गच्चीची मोटर", "आईचा गीझर" ही नावे होम असिस्टंट विनातक्रार घेते. पहिल्या आवृत्तीत मी तापमानाचे आलेख, विजेचे आकडे, हवामान असे सारे एका पानावर मांडले होते. आईने चष्मा वर करून ते दोन मिनिटे पाहिले आणि "मोटर कुठंय रे यात?" असे विचारून भिंतीवरचे जुने बटणच दाबले. त्या रात्री आलेख दुसऱ्या पानावर गेले. जुनी बटणे अर्थातच चालू ठेवावीत. रिले असे जोडावेत की भिंतीवरचे बटण आणि टॅब दोन्हींनी दिवा लागेल.

पहिला आठवडा आणि त्यानंतर

झाकण पक्के लावण्यापूर्वी आठवडाभर टॅब पेटीत ठेवून दुपारी तीनच्या सुमारास त्याच्या पाठीला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर फटी मोठ्या कराव्यात किंवा पडद्याचा उजेड कमी करावा. फुली किऑस्क आणि होम असिस्टंटचे ॲप यांतून बॅटरीचे तापमानही कळते. ४० अंशांच्या वर गेल्यास फोनवर सूचना येईल असा नियम लिहून ठेवावा.

दर तीन महिन्यांनी झाकण काढून टॅब सपाट फरशीवर पालथा ठेवून पाहावा आणि कडेने व्हिजिटिंग कार्ड फिरवावे. कार्ड कुठेही आत शिरले, तर त्या दिवशीच चार्जर काढावा, टॅब बंद करावा, बॅटरी दाबू किंवा टोचू नये, आणि पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावा. घंटागाडीत टाकू नये. मग नव्या टॅबची लांबी-रुंदी आणि कॅमेऱ्याची जागा मोजून लेझर कटिंगवाल्याला नवे झाकण सांगावे. पेटी, पाइप आणि भिंत तशीच राहते.